श्रावणातला माफीचा नेम

शुक्रवार, २५ जुलै

श्रावण लागला. सकाळी मी आणि शेजारची लक्ष्मीबाई नेम घ्यायला मठात गेलो. ज्याला जे सुटत नाही तेच स्वामी सोडायला लावतात, अशी त्यांची खोड. लक्ष्मीबाईला चहा सोडायला सांगितला. मला मनातून बरं वाटलं, कारण तिच्याकडे चहाला बसलं की तासाभराची निश्चिंती असते. मी घरूनच ठरवून गेले होते, वांगं सोडायचं. वांगं मला तसंही आवडत नाही.

स्वामी माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, "बाई, तुमी वांगं खुशाल खा. श्रावणभर रोज एका मानसाला माफ करा."

मी म्हटलं, "महाराज, माझं कुनाशीच वाकडं न्हाई."

लक्ष्मीबाईला ठसका लागला. स्वामींनी तिला पाणी द्यायला लावलं आणि मला म्हणाले, "मग तर लय सोपं हाय."

चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. गृहपाठ न करणाऱ्याला कधी सोडलं नाही. माफ करायला शिकवणारा तास आमच्या वेळापत्रकात नव्हता. पण दिलेलं काम मी अपुरं ठेवत नाही. म्हणून ही दैनंदिनी.

आजची माफी : दूधवाला. पाण्यात दूध घालतो. त्याला कळवलेलं नाही, उगाच शेफारायचा.

सोमवार, २८ जुलै

तीन दिवसांत तिघांना माफ केलं. वीज मंडळाला (हे माणूस नाही, पण त्रास माणसासारखाच देतं), मला तीन निवडणुकांना ड्युटी लावणाऱ्या त्या वेळच्या केंद्रप्रमुखाला, आणि माझ्या दिवंगत सासूबाईंना. मेलेल्यांना माफ करणं सगळ्यात सोपं. ते परत काही करत नाहीत.

माफ केल्यावर छान वाटतं हे खरं. आपण जरा उंच पाटावर बसल्यासारखं वाटतं. देवाला नेहमी असंच वाटत असणार.

संध्याकाळी लक्ष्मीबाई कुंपणावरून म्हणाली, "आज कोन?" मी सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. "बाई, तुमी नुसता कोंडा पाखडायलाव. खडा तर तांदळातच हाय."

चहा सोडल्यापासून ही फार तिखट झाली आहे. उद्याच्या माफीला तीच घेते.

गुरुवार, ३१ जुलै

आमचे हे आज पाथरीला जाऊन आले. यांचं इथे देवगाव फाट्यावर पाण्याच्या मोटारी आणि पाइपचं दुकान आहे. दर गुरुवारी पाथरीला वसुली आणि ऑर्डरी असतात म्हणे. वसुली काही दिसत नाही, पण येताना लिंबाचं लोणचं आणतात. तिथे यात्रेकरूंसाठी कुठल्याशा बचत गटाच्या बायका विकतात. बाटलीला चिठ्ठी नाही, छाप नाही, पण चव अशी, की मी आज भाकरी एक जास्त खाल्ली. त्या बाईच्या हाताला देवानेच चव दिली आहे. अशी चव मी आयुष्यात आणखी एकाच बाईच्या हाताची खाल्ली, पण तिचं नाव मी या वहीत लिहिणार नाही.

यांना म्हटलं, त्या बाईला माझा निरोप द्या, लोणचं लय नामी हाय. हे जेवता जेवता थांबले. डोळ्यांत पाणी आलं. लोणचं तिखट आहे खरं.

सोमवार, ४ ऑगस्ट

लिहिणार नाही म्हटलं होतं, पण लिहावं लागणार. लक्ष्मीबाईने चुगली केली.

आज मठात स्वामींनी सगळ्यांसमोर विचारलं, "सुमनबाईचं नाव यादीत कवा येणार?"

सुमनबाई म्हणजे यांची थोरली बहीण, माझी नणंद. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो आणि ती यांना, म्हणजे बसवराजांना, बसू म्हणते. पाथरीला असते. सहा वर्षं झाली, आमचं बोलणं नाही. आता सगळं लिहूनच टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला (मलाच) कळेल की चूक कुणाची.

अक्काच्या घराची वास्तुशांती होती तेव्हा मी निवडणुकीच्या ड्युटीवर. यांच्या हाती आहेर पाठवला, हिरवी इरकल. मी स्वतः पसंत केलेली. फॉल-पिको करणाऱ्याचा हिरवा दोरा शेवटी संपला आणि त्याने वीतभर फॉल तपकिरी दोऱ्याने मारला. मी त्याला दुकानात जाऊन बोलले होते, म्हणून ध्यानात आहे. हे परत आले आणि म्हणाले, अक्का लय खूश झाली.

पुढे आमच्या शिवानीचं लग्न. आहेराच्या वेळी अक्का आली आणि माझ्या ओटीत साडी घातली. हिरवी इरकल. मी काठ उलटा केला. वीतभर तपकिरी दोरा! आहेराचे खण आपल्याकडे गावभर फिरतात, त्याला माझी ना नाही, पण देणाऱ्याच्याच घरी परत? तेही सख्ख्या भाचीच्या लग्नात? मी भर मांडवात म्हटलं, "अक्का, आमचंच आमाला?" शंभर बायकांनी ऐकलं. अक्काने एकदा यांच्याकडे बघितलं, हातातला नारळ खाली ठेवला आणि पंगतीला न बसता निघून गेली. हे बिचारे मांडवाचा खांब धरून उभे होते. भावाला बहिणीच्या वागण्याचं किती वाईट वाटलं असेल.

हे सगळं स्वामींना सांगितलं. आणि म्हटलं, "महाराज, शंकराने विष गिळलं न्हाई, थुंकलं न्हाई, गळ्यात धरलं. मी बी सहा वर्षं धरलंय. मग मी कुठं कमी पडले?"

मला वाटलं, निरुत्तर होतील. स्वामी म्हणाले, "देवानं धरलं ते कुनाला लागू नये म्हनून. तुमी धरलंय ते येळंला थुंकता यावं म्हनून."

लक्ष्मीबाई मोठ्याने हसली. तिला केलेली माफी मी परत घेत आहे.

शनिवार, ९ ऑगस्ट

राखी पौर्णिमा. हे सकाळीच कुणाची तरी मोटार जळाली म्हणून गेले ते दुपारी आले. उकाड्याने जीव जायची वेळ आणि यांच्या अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा. उजव्या मनगटाला बँडेज. म्हणाले, पाइप ओढताना मुरगळलं. मी मलम लावायला घेतलं तर हे घरभर पुढे आणि मी मागे. शेवटी बँडेजच्या वरवरच मलम चोपडलं. कडेने एक सोनेरी झुबका लोंबत होता. हल्ली औषधाच्या दुकानातलं बँडेजसुद्धा झकपक निघालंय.

सणाला यांचं मनगट रिकामं राहतं याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला लिहू? पण त्याला कारण मी नाही.

आजची माफी : पाइप.

मंगळवार, १२ ऑगस्ट

शिवानीचा पुण्याहून फोन. "आई, तुला कळलं का? पोळा झाला की शंभूदादा आत्याला कायमचं हैदराबादला न्यायलाय. पाथरीचं घर विकलं."

शंभू म्हणजे अक्काचा एकुलता एक मुलगा शंभुराज, तिथे नोकरीला आहे.

मी म्हटलं, "मग मी काय करू?"

ती म्हणाली, "काही नको करू. बाबांचा विचार कर फक्त." आणि फोन ठेवला. ही मुलगी माझ्यावरच गेली आहे.

यांना सांगितलं तर हे म्हणाले, "आसं का." पण रात्री जेवले नाहीत. चार दिवस झाले, यांचं जेवणात लक्ष नाही, दुकानात नुसते रस्त्याकडे बघत बसतात. मी ओवा दिला. पित्त असणार.

अंथरुणावर पडल्यावर झोप येईना. अक्का मला या घरात पहिल्यांदा भेटली ती आठवली. मी नवी नवरी, सासूबाईंच्या धाकात. मला अर्धी भाकरी जास्त लागते हे फक्त अक्काला कळलं होतं आणि ती रोज ती माझ्या ताटात गुपचूप सरकवायची. हैदराबाद म्हणजे काही पाथरी नाही. एकदा गेली की गेली. यांचं या जगात लहानपणापासूनचं म्हणावं असं तेवढं एकच माणूस आहे.

ठरलं. परवा गुरुवारी पाथरीला जाऊन अक्काला माफ करून टाकायचं. यांना सांगायचं नाही, एकदम आनंदाचा धक्का द्यायचा. ती साडीही बरोबर नेते. मी अंगाला कधी लावली नाही. माफ कशाबद्दल केलं हे समोरच्याला दिसलं पाहिजे.

आरशासमोर सराव केला : "अक्का, झालं गेलं गंगेला मिळालं. मी तुमाला माफ केलं." दुसऱ्यांदा म्हणताना माझा मलाच गहिवर आला.

गुरुवार, १४ ऑगस्ट

जे झालं ते जसं झालं तसं लिहिते.

हे सकाळी नेहमीसारखे निघाले. पाठोपाठ मी सेलूवरून जीपने पाथरी गाठली. अक्काच्या दारात पाय ठेवला आणि थबकले. दारात यांच्या चपला. डाव्या चपलेचा अंगठा मीच तारेने बांधून दिलेला, ओळखू कसा येणार नाही?

आत हे पाटावर बसून धपाटे खात होते. ताटात लिंबाचं लोणचं. मनगटाला बँडेज नव्हतं, सोनेरी झुबक्याची राखी होती. मला बघून यांचा घास तोंडातच राहिला.

बचत गटाची ती बाई चुलीपुढून उठली. सहा वर्षांत केस पांढरे झालेत. जशी मी कालच येऊन गेले होते तशी म्हणाली, "ये. हात धू. गरम वाढते."

माझा सगळा सराव पाण्यात गेला. मी म्हटलं, "मी जेवायला न्हाई आले. मी तुमाला माफ करायला आले."

"मला?" अक्काने धपाटं उलटलं. "आगं, मी तर तुला तवाच माफ केलं. जीपमंदी बसल्या बसल्या."

"तुमी? मला? मी काय केलं?"

"भर मांडवात माजी इज्जत काढलीस."

"काढली, पन कारन तुमी दिलं! माफी मी करायची."

"माजी आदी झालेली हाय. सा वर्सं जुनी."

"जुनी असली म्हनून काय झालं? मी श्रावणाचा नेम धरून आले!"

अशी आम्ही दोघी माफीसाठी भांडत होतो, आणि हे मध्ये ताट धरून बसलेले. मी पिशवीतून साडी काढून जमिनीवर टाकली. तपकिरी दोरा वर केला. "ही घ्या. वास्तुशांतीला मी तुमाला दिल्याली."

"वास्तुशांतीला?" अक्का पटकन बोलून गेली. "वास्तुशांतीला तर बसूनं पातेलं..."

आणि तोंड मिटलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दिली आसंल बाई. माज्या ध्यानात न्हाई. वय झालं आता."

पण मी चौतीस वर्षं पोरांच्या खोट्या थापा ऐकलेली बाई. मी यांच्याकडे वळले. "कुठलं पातेलं?"

यांनी ताट खाली ठेवलं. परीक्षेत पकडलेल्या पोराने चिठ्ठी ठेवावी तसं. मग जे बाहेर पडलं ते असं. वास्तुशांतीला जायच्या दिवशी दुकानात ऐन वेळी गिऱ्हाईक आलं आणि साडीची पिशवी पाइपच्या गुंडाळ्यांमागे राहिली. यांनी वाटेत स्टीलचं पातेलं घेतलं आणि अक्काला दिलं. मला सांगायची छाती झाली नाही. साडी तिथेच पडून. पुढे लग्नात अक्का आली ती रडतच, तिची आहेराची पिशवी जीपमध्ये विसरली होती आणि जीप निघून गेली होती. रिकाम्या हाताने भाचीच्या मांडवात कशी जाऊ म्हणत होती. तेव्हा हे पळत दुकानात गेले, पाइपमागून पिशवी काढली, आणि बहिणीच्या हातात दिली.

म्हणजे अक्काने ती साडी जन्मात पहिल्यांदा बघितली ती माझ्या ओटीत घालताना.

मी खाली बसले. म्हटलं, "तुमी दोगं बी सा वर्सं गप बसले?"

यांनी अक्काकडे बघितलं. अक्काच म्हणाली, "त्यो सांगतो म्हनत व्हता. मीच नको म्हनलं. पोरीचं लगीन, तू त्याला मांडवातच जाळला आसतास. आनि माजं काय, मी हितं ऱ्हायते. त्याला तुज्यासंगं ऱ्हायचं हाय."

मला राग यावा असं फार वाटत होतं. आला नाही. लाज वाटली, पार कानशिलं तापेपर्यंत. शंभर बायकांसमोर मी तिला बोलले होते, आणि ती भावाचा घोटाळा पदराखाली घेऊन उपाशी निघून गेली होती. वर सहा वर्षं मला लोणचं पुरवत राहिली.

अक्काने ताट वाढलं. मी निमूट जेवले. माफी मागायला तोंड उघडलं आणि निघालं ते भलतंच, "लोणचं नामी हाय." ती म्हणाली, "निरोप मिळाला व्हता." आणि अर्धं धपाटं माझ्या ताटात सरकवलं.

दारातून निघताना एवढंच जमलं, "अक्का, पोळ्याला या. आदल्या दिशीच या."

येताना जीपमध्ये मी पुढे बसले, यांना मागे कुणाच्या तरी पाइपांशेजारी बसवलं. पाइपांमागे लपवायची सवय आहेच त्यांना.

शनिवार, १६ ऑगस्ट

यांच्याशी बोलणं बंद. जेवण वेळेवर, पण शब्द नाही. हे ताट घेतात, ताट घासून ठेवतात. ताट घासताना मी यांना उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. नाही म्हटलं तरी अबोला फायद्याचा आहे.

माफी आज कुणालाच नाही. माझ्याकडची संपली.

सोमवार, १८ ऑगस्ट

स्वामींना सगळं सांगितलं. लक्ष्मीबाईला बाहेर बसवून.

विचारलं, "नवऱ्याला माफ करनं नेमात बसतं का? आनि अक्कानं मला न मागताच माफ केलं, त्याचं मी काय करू? मला ते घेताच येईना."

ते म्हणाले, "त्या व्याधानं कुठं माफी मागितली व्हती? झाडावर जागं ऱ्हावं म्हनून पानं तोडत व्हता. खाली पिंड. त्याला ठावं बी न्हाई आनि देवानं त्याला तारला."

"म्हंजे देवाला हिशोब येत न्हाई."

"येतो की. मांडत न्हाई." मग दाढी कुरवाळत म्हणाले, "देनं तुमाला जमलं बाई, दूधवाल्यापासून पाइपापर्यंत. देताना मानूस वर बसतो, म्हनून गोड लागतं. आता घ्यायला शिका. घेताना खाली बसावं लागतं. आनि त्या बसवराजाचं म्हनाल, तर तुमच्या दोघींच्या मधी सा वर्सं कोन जुपल्यालं व्हतं, ते बगा."

पाइपाचं त्यांना कुणी सांगितलं? लक्ष्मीबाई. ही बाई माझ्या वहीत डोकावते.

गुरुवार, २१ ऑगस्ट

उद्या पोळा. आज खांदेमळणी. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सोलवटतो. म्हणून आजच्या संध्याकाळी लोणी-हळदीने तो चोळायचा आणि कानात जेवायचं आवतण द्यायचं. माणसाने मुक्या जनावराची माफी मागायचा हा दिवस. लहानपणापासून बघत आले, पण बैलाने कधी मोठेपणा दाखवलेला पाहिला नाही. खांदा पुढे करतो आणि उभा राहतो.

अक्का दुपारच्या जीपने आली. मी हिरवी इरकल नेसून दारात गेले. तिने काठाकडे बघितलं, तपकिरी दोरा बोटाने चाचपला, आणि इतकी हसली की तिला ओट्यावर बसवावं लागलं. मी तिच्या पायाशी बसले. म्हटलं, "अक्का, चुकले मी." एवढे दोनच शब्द, पण घशातून निघताना खडा निघाल्यासारखे निघाले. अक्का खाली वाकली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग म्हणाली, "ऊठ, साडी मळंल. पुन्हा कुनाला देता यायची न्हाई."

संध्याकाळी लक्ष्मीबाईच्या गोठ्यात आम्ही दोघींनी तिच्या बैलांचे खांदे मळले. वाटीत लोणी-हळद उरली. मी अक्काकडे बघितलं, अक्काने माझ्याकडे. वाटी उचलून आम्ही घराकडे निघालो.

हे घरात जोत्यावर बसले होते, आठवडाभर बोलणं नाही म्हणून चेहरा पडलेला. मी म्हटलं, "सदरा काढा."

"का?" हे घाबरले.

"काढा म्हनते ना."

डावा खांदा अक्काने घेतला, उजवा मी. लोणी-हळद चोळताना हात लागला तेव्हा कळलं, हाडं किती वर आली आहेत. पित्त नव्हतं ते. यांनी खालमानेने विचारलं, "माफ केलं का?"

मी म्हटलं, "माफ-बिफ काई न्हाई. खांदेमळनी हाय."

मग मी उजव्या कानाशी वाकले, अक्का डाव्या, आणि दोघी एकदमच म्हणालो, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

यांनी मान हलवली आणि खांदा आणखी थोडा पुढे केला.